गुळव्याचा हात

माझ्या नातवंडांनो, रेवा आणि निनाद, परवा फोनवर रेवाचा आवाज रडवेला झाला, म्हणून आजच लिहिते. ती म्हणाली, "आजी, अणूंची केंद्रकं वितळून त्यांचा तापलेला रस होतो. त्यातून वेगानं जाणारा कण दमून बाहेर येतो. त्याचा गेलेला जोर मोजण्यात माझी वर्षं वाया गेली." मला बोरी बुद्रुकचा, गुऱ्हाळात गूळ करणारा गुळव्या आठवला.

गेल्या हिवाळ्यात त्याला एकदाच पाहिलं. गुऱ्हाळाच्या वाफेत तो ढगात उभा असल्यासारखा दिसत होता. धुरानं डोळे अधू झालेले. काहिलीतल्या उकळत्या रसात फावडं जोरानं ढकलायचा आणि मान कलती करून थांबायचा, जणू मनगटानं ऐकतोय. काहील उतरवायला थोडा उशीर झाला तर सगळा गूळ करपणार होता.

"न बघता कसं कळतं?" मी विचारलं.

"हाताचा जोर किती गेला, त्यावरनं रस किती दाटला ते कळतं, आजी."

"दिवसभर एवढा जोर वाया जातो?"

तो हसला. "वाया कुठला? रसातच ऱ्हातो की." मग गड्यांकडे वळून म्हणाला, "उतरवा आता." गूळ सोन्यासारखा उतरला.

यंदा ते गुऱ्हाळ पेटलं नाही. तेव्हा आणलेल्या त्या गुळाची अर्धी ढेप रेवासाठी डब्यात ठेवली आहे; त्याच्या हाताचा जोर अजून तिच्यात आहे.