ताटावरचा आडवा हात

आमच्या गल्लीतल्या चार जणी आजही एकत्र आल्या, की आधी कोणाचे गुडघे दुखतात ते निघतं आणि मग कोण काय खायचं ते. पुरुषांकडे कोर्टातल्या केसेस असायच्या, धानाचे भाव असायचे. आम्हाला बातमी म्हणजे एकमेकींची ताटं! कोणी किती भात घेतला, कोणाच्या चुलीवर झिंगे शिजले, कोणी नवऱ्याआधी तोंडात काय टाकलं, सगळं दुपारपर्यंत गल्लीभर व्हायचं. असे किस्से साचतच जातात. टाकून द्यावेत तर टाकवत नाहीत, आणि सांगताना आता पूर्वीसारखं हसू येत नाही.

बालाघाटला स्टेशनामागे आमची सात घरं होती. छप्पन साली नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, त्याच्या मागच्यापुढच्या वर्षांतल्या या गोष्टी. बायांची नावं नवऱ्याच्या कामावरून पडायची. मी मास्तरीनबाई. शेजारी कंपाउंडरीनबाई, ती अर्धं हिंदीतच बोलायची. पार्वताकाकूला मात्र काकूच म्हणायचं, कारण तिचा धाक होता. तिच्याकडे हट्टा गावची देवका सून म्हणून आली.

*

नव्या सुनेला प्रत्येक घर जेवायला बोलवायचं. देवका पहिली आमच्याकडे आली. उंच, धडधाकट पोरगी, धानाच्या बांधीत राबलेली. पहिला भात तिने बघता बघता संपवला. मी दुसऱ्यांदा वाढायला वाकले तर ताटावर आडवा हात.

"काहून वं? भाजी तिखट झाली का?"

"नाई जी. पोट भरलं."

काकू शेजारीच बसली होती. "आमची सून चिमनीएवढं खाते," ती म्हणाली. सून मॅट्रिक पास झाल्यासारखा तिचा चेहरा फुलला होता.

बाकीच्या सहाही घरांत हेच झालं आणि गल्लीने देवकाला कमी खाणारी सून म्हणून सर्टिफिकेट देऊन टाकलं. त्याचा ताप आम्हाला झाला. माझी सासू मी भात घेताना म्हणायची, "थे पाह्य देवका. नाईतर तू."

मग मीही हात आडवा धरायला लागले. दोन महिन्यांत गल्लीतल्या सगळ्याच सुना चिमण्या झाल्या.

*

कंपाउंडरीनबाईच्या मुलाचं बारसं होतं. पहिली पंगत पुरुषांची. तिच्या भावाने पत्रावळीवर दोन्ही हात पसरले, "बस, बस" म्हणाला. वाढणाऱ्याने ते हात उचलून बाजूला ठेवले आणि तीन लाडू टाकले. भाऊ लाजत लाजत तिन्ही खाऊन मोकळा.

मग आमची पंगत. वाढणारा तोच, लाडूही तेच. देवकाने हात आडवा धरला. तो म्हणाला, "बरं बाई," आणि पुढे गेला.

घरी आल्यावर मी मास्तरांना विचारलं, की असं का. ते म्हणाले, "खायचं असेल तर हात कशाला ठेवायचा?"

"मग तुमी काहून ठेवता?"

मास्तरांनी पेपर उघडला.

*

काकूच्या घरी कशाची कमी नव्हती बरं. लालबऱ्याला शेती, मुलगा राइस मिलमध्ये, धानाची कोठी भरलेली. पण सून सगळ्यांच्या शेवटी बसायची आणि तोवर गंजात, म्हणजे भाताच्या पातेल्यात, खरवड उरायची, तळाला लागलेला करपट भात.

एकदा कंपाउंडरीनबाई विरजण मागायला मागच्या दाराने गेली. देवका उलथण्याने गंज खरवडत होती.

"हाय राम, जला हुआ खा रही है?"

काकू दारातच उभी होती. देवका पटकन म्हणाली, "मले खरवडच आवडते जी."

घराची अब्रू वाचली. पण आमच्या गल्लीचं मन मोठं! दुसऱ्या दिवसापासून घराघरातून वाट्या निघाल्या. कंपाउंडरीनबाई म्हणायची, "अपनी देवका को पसंद है." कधी कधी तीन घरांची खरवड एकदम जायची. ती प्रत्येकीला "लय चांगली झाली" म्हणायची आणि समोर बसून खायची. हे वर्षानुवर्षं चाललं. मी तर वरून तूप घालून पाठवायची, आणि त्या तुपाचा मला मोठा अभिमान होता.

*

थंडीत सिंगाडे आले की दुपारी आम्ही कंपाउंडरीनबाईच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत जमायचो. पातेलंभर उकडलेले सिंगाडे, मीठ-मिरची, आणि सगळ्यांच्या मधे टरफलांचा एकच ढीग. कोणी किती खाल्ले ते त्या ढिगातून कळायचं नाही. तिथे देवका खायची. मान खाली, हात चालू. तिला पोटभर खाताना मी फक्त तिथेच पाहिलं.

एक दिवस कंपाउंडरीनबाईच्या तोंडून निघून गेलं, "अरे, कितना खाती है ये!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

देवकाने ढिगातली आपल्या बाजूची टरफलं गोळा केली, पदरात बांधली आणि उठली. पलीकडच्या आपल्या अंगणात पाय टाकते तोच काकूची बकरी पदराला लोंबकळली. गाठ सुटली आणि पसाभर टरफलं काकूच्या पायाशी पडली. आम्ही कुंपणावरून बघत होतो.

काकूने एकदा टरफलांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. "बकरीसाठीच मंगवली होती मीनं," ती ठसक्यात म्हणाली.

त्यानंतर देवका सपरीत आली नाही. आम्ही हाका मारायचो, ती म्हणायची, काम आहे.

*

तिला दिवस गेले तेव्हा तर गल्लीला ऊतच आला. पपई नको, गरम पडते. सिंगाडे नको, थंड पडतात. मासोळी नको, पोराच्या अंगाला वास येतो. वांगं नको, खाज सुटते. कोचईची, म्हणजे अळूची पानं नको, पोराचा घसा धरतो. दूध नको, पोर मोठं होऊन अडतं. प्रत्येकीने जीव लावून एकेक गोष्ट बंद केली. एकीनेही काय खा ते सांगितलं नाही.

पोर झालं ते हाताच्या ओंजळीएवढं. दवाखान्यातल्या नर्सबाईने चिडून विचारलं, "खात काय होतीस तू?"

देवका म्हणाली, "जे कोनी नाई म्हटलं नोतं थे."

"म्हणजे काय?"

"मीठ-भात."

ते पोर बारशापर्यंत राहिलं नाही. हा किस्सा आम्ही कधी कोणाला सांगत नाही. आज सांगितला, कारण तो वगळला तर बाकीचे सगळे खोटे पडतात. आमच्यातली एकही वाईट नव्हती, याचंच मला अजून वाईट वाटतं.

*

पुढे देवकाला दोन मुलं झाली, ती मोठी झाली. काकू थकली आणि खाटेला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, खाऊ घाला. मी भेटायला गेले तेव्हा देवका खाटेजवळ बसून तिला वरण-भात देत होती. ताट काकूच्या मांडीवर होतं.

पहिला भात संपला. देवका दुसऱ्यांदा वाढायला वाकली तर काकूचा सुरकुतलेला हात ताटावर आडवा.

देवकाने तो हात उचलला, बाजूला ठेवला आणि भात वाढला. काकूने खाल्ला. पुन्हा हात आडवा, पुन्हा देवकाने तो सारला, पुन्हा काकूने खाल्लं. मी बघतच राहिले. शेवटी बोटं चाटून काकू म्हणाली, "आज पोट भरलं वं."

मी देवकाला म्हटलं, "आता तू बस. मी वाढते." ती बसली. गंज मी माझ्याकडे ओढला. पहिला भात तिने खाल्ला. दुसऱ्यांदा तिच्या आवडीची म्हणून मी तळाची खरवड काढली आणि वाकले. ताटावर आडवा हात.

खाटेवरून काकू बोलली. "मास्तरीन, सार तिचा हात. अन् खरवड नोको वाढू तिले. वरचा भात वाढ. तिले खरवड कधीच नाई आवडत."

मी खरवड गंजात परत टाकली. वरचा पांढरा भात घेतला, आणि देवकाचा हात धरून बाजूला करायला गेले. तो हात जागचा हलेना.