आईचा वर केलेला हात

परवा नातीच्या पालकसभेत नव्या वह्यांचा वास आला आणि मी थेट सौंसरच्या आमच्या शाळेत जाऊन पडले!

राज्यांची फेररचना होऊन आम्ही मराठी माणसं मध्य प्रदेशात राहिलो होतो आणि शाळा हिंदी होणार होती. मराठी वर्ग चालू राहायला हवा असेल त्या पालकांनी शाळेच्या सभेत हात वर करायचे होते. बाप सगळे पेरणीला, म्हणून सभेला आयाच आल्या. हेडमास्तर थाटात म्हणाले, "हात पुरुषांचेच मोजले जातील."

माझ्या शेजारी बसलेल्या आईने हात वर केला. "मास्तर, माहा हात दिसून नाही राहिला का?"

"घरधन्याला पाठवा, बाई."

"तो पेरून राहिला. पोरगी माहीबी हाय ना!"

सगळे हसले. मास्तरांनी शून्य लिहिलं आणि मराठी वर्ग संपला. आई हात खाली घेईना. शेवटी लाजेने तो मीच खाली ओढला.