साइट बदलायची होती तेव्हा

"आधी बाहेर या," असं म्हणून ते गिऱ्हाइकाला सानपाड्याच्या रस्त्यावर उभं करायचे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पारखलेल्या नजरेवर त्यांचा विश्वास नव्हता. येणाऱ्या रिक्षाचा नंबर वाचता आला, की मगच नवा चष्मा ताब्यात मिळे. तुमच्याही कॉलनीत असे एखादे चष्मेवाले काका असतील. आमचे साताऱ्याकडचे होते, आणि घाई त्यांना ठाऊकच नव्हती.

तेव्हा मी वाशीच्या एका बँकेत होते आणि रविवारी सकाळी एअर रायफल क्लबात जायचे. जिल्ह्याच्या संघाची निवड महिन्यावर आली आणि माझे छर्रे डावीकडे जाऊ लागले. दहा-बारा शॉट झाले की समोरचा काळा ठिपका विरघळल्यासारखा दिसे. क्लबात सगळे म्हणाले, रायफलवरची नेम धरायची साइट बदल. एकाने बारीक भोकाची परदेशी साइट दोन दिवस वापरायला दिली. ती घ्यावी की जुनीच ठेवावी हे विचारायला मी रायफल चादरीत गुंडाळून काकांकडे गेले. चादर सोडताच एक बाई हातातली फ्रेम टाकून पळाली.

काकांनी दोन्ही साइटमधून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, भीती कशाची वाटतीय?"

मी कुणालाच बोलले नव्हते. माझ्या वडिलांची नजर काचबिंदूने गेली होती. तेही सुरुवातीला म्हणायचे, चष्म्याचा नंबर बदलला असेल. काकांना मात्र ते सगळं सांगून टाकलं.

"मग आधी डॉक्टरकडं जाऊन डोळ्याचं प्रेशर तपासून या. साइट कुठं पळून जात न्हाई."

डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि डोळे निरोगी असल्याचं सांगितलं. दवाखान्याच्या जिन्यातच बसून मी पोटभर रडले, आणि तशीच काकांकडे गेले.

"झ्याक!" एवढंच म्हणून त्यांनी मला रस्त्यावर आणलं. "दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खांबावर बोट धरा. आता डावा झाका."

बोट खांबावरून एकदम बाजूला सरकलं.

"तुमचा डावा डोळा मालक हाय. बंदूक उजवीकडं धरून तुम्ही त्यालाच दाबून मिटता. मग दोघंबी दमणारच की!"

त्यांनी चष्म्याच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा कापला आणि जुन्याच साइटच्या डावीकडे पट्टी बसवली. डावा डोळा उघडाच राहायचा, पण त्याला फक्त पांढरं दिसायचं. पुढच्या रविवारी ठिपका शेवटच्या शॉटपर्यंत जागचा हलला नाही. परदेशी साइट मी परत करून टाकली.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला आठवतात ते निवडीच्या दिवशीचे. मी आग्रहाने बोलावलं म्हणून दुकान बंद ठेवून आले होते. माझे शॉट संपवून मी हसतच मागे वळले, तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले काका इतरांच्या प्रत्येक शॉटच्या आवाजाला डोळे गच्च मिटून घेत होते.

"काका, माझे शॉट तरी बघितलेत का?"

"एकबी न्हाई," ते ओशाळून हसले. "पण तुमचा चेहरा बघितला. झालं आमचं काम."