दह्याचा काला

मुलगी नऊ वर्षांची असताना शाळेत तिला लोप पावत चाललेल्या भाषेवर प्रोजेक्ट करायचा होता. तिने अमेरिकेतल्या यकामा लोकांची भाषा निवडली. पूर्वी त्यांच्या मुलांना घरापासून दूर शाळांत ठेवत आणि आपली भाषा बोलली की शिक्षा करत, हे वाचून ती रडवेली झाली. मग मला म्हणाली, "देन हू स्टॉप्ड मी, ममा?"

मी भांडी घासत राहिले. बालवाडीतल्या बाईंनी घरी थोडं इंग्रजी बोला म्हणून सुचवलं होतं. थोड्याचं सगळं मी केलं, तेही हौसेने.

पुढच्या आठवड्यात माझी आई पुण्याहून सिंगापूरला, सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटवर आली. मुलगी धावत जाऊन तिला बिलगली. "काला!"

यकामा भाषेत काला म्हणजे आईची आई. वडिलांच्या आईला वेगळा शब्द. आणि गंमत म्हणजे ती आजीही लेकीच्या मुलीला 'काला'च म्हणते. मुलीने तो शब्द घोकून ठेवला होता.

आई हरखली. "अगं बाई, काला हवाय माझ्या सोनूला!" चपला काढल्या तशी ती स्वयंपाकघरात शिरली. पोहे, लाह्या, दही, काकडी, मिरची, लिंबाचं लोणचं. सगळं हाताने कालवून तिने वाटी पुढे केली.

"नो ला, आजी! काला इज यू!" मिरचीने मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतेय गं?"

खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. माझी जीभ रेटेना. "आवडला म्हणतेय," मी म्हणाले. सरळसरळ ध चा मा केला.

मग महिनाभर रोज सकाळी काला. मुलगी बिचारी निमूट खायची. मला लाज वाटायची आणि तरी मी गप्प बसायचे.

निघायच्या दिवशी विमानतळावर मुलगी जरा लांब उभी होती. तिच्या खाण्यावरूनच आईने तिचं टोपणनाव पाडलं. "ए काला, ये इकडे!"

मुलगी जागच्या जागी उडाली. "ममा, शी नोज! शी सेड इट बॅक!" आजीच्या गळ्यात पडून ती हसतरडत होती.

"काय म्हणतेय गं?" आईने पुन्हा विचारलं.

"आवडला म्हणतेय," मी म्हणाले.