प्रमुख पाहुणीसाठी दोन भोंगे

फजिती आपली आपणच सांगितलेली बरी. दुसऱ्याच्या तोंडून फिरली की तिला तिखटमीठ लागतं, आणि आमच्या बाजारात तर वरून ओलं खोबरंही पेरतात. तेव्हा चहा घ्या, खुर्ची जरा पुढे ओढा आणि ऐका, एका सिनेमाच्या नादी लागून मी भर देवळात माझंच हसं कसं करून घेतलं ते.

माझं दुकान म्हणजे दोरखंड, बादल्या, बॅटऱ्या, जाळ्यांचा दोरा. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण गल्ल्यावर. माणूस पायरी चढला की तो माल घेणार की नुसता भाव विचारून जाणार, हे मी त्याच्या चपला काढण्यावरून सांगतो. अशी आपली नजर. ती नेमकी त्या दिवशी कुठे चरायला गेली होती, कोणास ठाऊक.

दुकानाला लागून माझाच एक गाळा रिकामा पडला होता. तो शेवंतीला हवा होता. शेवंती वरच्या वाडीतली, तिशीची, जन्मापासून ऐकू न येणारी. शिलाईचा हात असा की तिने शिवलेला ब्लाऊज घालून बाई लग्नाला गेली, की तिथल्या चार जणी नवरीऐवजी तिलाच निरखायच्या. पण घर पडलं घाटी चढून, आणि तेवढं चढायचा बायकांना कंटाळा. चतुर्थीला मुंबईची माणसं गावात उतरायच्या आत बाजारात मशीन मांडायचं, एवढंच तिचं म्हणणं. चतुर्थी हुकली की शिलाईचं अख्खं वर्ष हुकलं.

तिची आई दर बाजाराला माझ्या पायरीशी.

"शेटनू, गाळ्याचा काय झाला?"

"इचार करतंय गो, काकी."

"किती इचार करतल्यात? चतुर्थी जवळ इली."

"तसा नाय गो. गिऱ्हाईक काय सांगता, ता तिका कळतला कसा? आणि लोक काय म्हणतले?"

आता हे लोक म्हणजे कोण? तर शेजारचा चहावाला तात्या. तो एकदा सहज म्हणाला होता, "आयकाक येणा नाय ता चेडू बाजारात कसा टिकतला?" तेवढं मला पुरलं. नकाराला दुसऱ्याचं तोंड मिळालं की व्यापाऱ्याला फार सोयीचं पडतं बघा.

ते सीडीवर सिनेमे बघायचे दिवस. कोल्हापूरला मालाला गेलो होतो, तिथल्या व्यापाऱ्याने चार जुन्या सीड्या मालाबरोबर फुकट दिल्या. त्यातली एक मी रविवारी लावली. हिंदी, काळापांढरा सिनेमा. एका लहानशा गावात एक बहिरी बाई येते, गाव तिला अपशकुनी ठरवतं, कोणी राहायला जागा देत नाही, आणि ती बिचारी पदराने डोळे पुसत दारोदार फिरते.

मी रडलो हो. हुंदके देऊन रडलो. बायको, सुनंदा, चिरायला घेतलेली मासळी विळीवरच टाकून धावत बाहेर आली.

"काय झाला? कोण गेला?"

"कोण नाय गेला. लोक किती दुष्ट असतत, सुनंदा."

"खंयचे लोक?"

"ह्या सिनेमातले. आणि आपल्या बाजारातले. शेवंतीक गाळो मिळाक देणत नाय."

तिने पदराला हात पुसले. मग, "बाजारातले काय," एवढंच म्हणाली आणि परत मासळीकडे गेली.

माझ्या अंगात मात्र नुसती वीज खेळत होती. हा सिनेमा अख्ख्या बाजाराला दाखवायचा, तात्याला पहिल्या रांगेत बसवायचा, सगळ्यांचे डोळे उघडले की मग गाळा द्यायला आपण मोकळे. पुढच्याच रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात घरचा मोठा टीव्ही नेऊन मांडला. प्रमुख पाहुणी शेवंती. तिच्यासाठी हातांची खुर्ची, केसांत माळायला अबोलीचा वळेसर आणि मंडपवाल्याकडून मागवलेले दोन मोठे भोंगे.

"भोंगे कित्याक?" सुनंदाने विचारलं.

"अगो, तिका नीट आयकाक येवक नको?"

बोलून गेलो आणि खांबाला दोरी बांधत राहिलो. आपण काय बोललो याचा पत्ताच नाही. उत्साहात माणसाचं असंच होतं, तोंड पुढे धावतं आणि डोकं मागून चालत येतं.

सिनेमा सुरू झाला. भोंगे असे कडाडले की देवळाच्या कौलांतले पारवे उडून गेले. पहिल्या दहा मिनिटांत बायकांनी पदर डोळ्यांना लावले, तात्यासुद्धा नाक ओढायला लागला. आणि ती प्रमुख पाहुणी? ती शांतपणे एकदा टीव्हीकडे, एकदा रडणाऱ्या बायकांकडे बघत होती. मग वळून शेजारी बसलेल्या आईला हातानेच विचारलं, ह्यांना झालंय काय? आईला हिंदी येत नाही. तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या बाईसाठी एवढा खटाटोप, तिला सोडून सगळ्या गावाला सिनेमा कळत होता.

मग काय करणार? दशावतार बघत वाढलेला माणूस मी, अंगात थोडंफार नाटक असतंच. टीव्हीच्या बाजूला उभा राहिलो आणि सगळं हातवाऱ्यांनी सांगायला लागलो. टोपी उडवून दाखवली की तो सरपंच, डोक्यावरून पदर घेतला की ती नायिका. मी पदर घेतला मात्र, रडणारी माणसं फिसकन हसली. शेवंतीही हसली. तिचं हसणं मोठ्याने असतं, त्यामुळे सगळ्यांनाच मोकळं वाटलं आणि मला आणखी चेव चढला.

एवढ्यात सिनेमात एक दुकानदार आला. नायिका त्याच्याकडे खोली मागायला जाते. मी तोही रंगात येऊन केला. पोट पुढे काढलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, गल्ल्यावर हात ठेवला. बाई हात जोडते. हा हनुवटी खाजवतो. आढ्याकडे बघतो. मग पुढच्या वेळी ये, म्हणून हात झटकतो.

शेवंती हसायची थांबली. माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग खुर्चीवरून उठली, लोकांकडे वळली आणि बोट सरळ माझ्या छातीवर रोखलं.

मंडपात क्षणभर फक्त भोंगे बोलत होते. त्यातून तो दुकानदार सांगत होता, विचार करून कळवतो.

"भाऊशेट," तात्या मागून म्हणाला, "सिनेमावाल्यांका तुमचो फोटो खंयसून मिळालो?"

मग जे हसू फुटलं, ते भोंग्यांनाही आवरेना. मी टीव्हीकडे बघितलं. तेच पोट, तोच चष्मा, तीच हनुवटी. सबंध सिनेमा रडत बघितला आणि हा मनुष्य मला दिसलाच नव्हता.

शेवंतीची आई मात्र हसली नाही. तिने सरळ विचारलं, "शेटनू, तो तिका शेवटाक जागा देता काय नाय?"

"नाय देणा."

"मगे तेचा काय होता?"

"सगळो गाव तेच्या तोंडार..." पुढचं मी गिळलं.

लोक मला मोठ्या मनाचा म्हणतात, पण खरं सांगतो, मंडपाच्या दारात अख्खा बाजार उभा होता आणि बाहेर पडायला वाट नव्हती. कनवटीची किल्ली काढली आणि शेवंतीच्या हातात ठेवली. तिने ती पदराच्या गाठीला बांधली आणि हातानेच विचारलं, भिंतींना रंग कोण काढणार? रंगही मीच काढून दिला.

चतुर्थीच्या आधी गाळ्यात मशीन लागलं. आमच्याकडे नवीन काही सुरू करताना नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणं सांगतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. लहानपणापासून ही सवय इतकी मुरलेली, की अर्थ डोक्यात शिरायच्या आत तोंड होय म्हणून मोकळं होतं. गावाचं गाऱ्हाणं तात्याच घालतो. मी हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान आज धंदो मांडल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"हिच्या मशिनीक कधी इसावो मिळाक नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि जो कोण सगळ्या गावाक शहाणपण शिकवक गेलो, तेका सोताक थोडी अक्कल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी खणखणीत आवाजात म्हणालो, आणि डोळे उघडले. बाकी सगळे गप्प उभे होते.