चौदा वेळा ओके

आमच्या शिक्षणसंस्थेने मला जळगावच्या मुख्य कार्यालयातून धुळ्याच्या शाळेत पाठवलं, तेव्हा तिथलं संगणकांचं जाळं नवीन होऊन तीनच दिवस झाले होते. नव्या व्यवस्थेचा वेग दसपट आहे, असं कंत्राटदाराने लेखी दिलं होतं. खोटं नव्हतं ते. पूर्वी प्रिंटर चालत नाही हे कळायला पाच मिनिटं लागायची. आता लगेच कळत होतं.

मी इंजिनिअर नाही. लेखा विभागात तेवीस वर्षं काढली आणि आकडे जुळेपर्यंत उठत नाही, एवढीच माझी पात्रता. संस्थेला तेवढी पुरते, शिवाय स्वस्त पडते.

पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. हेडक्लार्क नानांच्या टेबलासमोर साक्रीकडच्या एक बाई मुलीला घेऊन सकाळपासून बसल्या होत्या. मुलीला धुळ्यातच नर्सिंगला जागा मिळाली होती. शाळा सोडल्याचा दाखला पाचपर्यंत कॉलेजात पोचला नाही, तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीची. हाताने लिहिलेला दाखला आता चालत नाही, आणि एकोणीस संगणकांपैकी एकही प्रिंटर जोडून घ्यायला तयार नव्हता. पेनड्राइव्ह बंद, बाहेरचा ई-मेल बंद. कार्यालय इतकं सुरक्षित झालं होतं, की त्यातून साधा कागद बाहेर पडत नव्हता.

"भाऊ, आखो कितला येळ लागी?" बाईंनी मला विचारलं.

"दहा मिनिटं," नानाच म्हणाले.

"सकायपाईन दहाच मिन्टं शेतस," मुलगी पुटपुटली.

कोणत्या संगणकावर काय चालू द्यायचं, याच्या नियमांचे साचे मुख्य संगणकात असतात. त्यांना ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट म्हणतात. ते उघडायला गेलो, तर चूक दाखवणारी चौकट आली. ओके दाबलं. दुसरी आली. मी मोजल्या, चौदा होत्या. त्या संपल्यावर यादी उघडली, पण तिच्यात प्रिंटरचे नियमच नव्हते.

कंत्राटदाराला फोन लावला.

"सर, रीस्टार्ट केलंत का?"

"चार वेळा."

"पाचव्यांदा करून बघा."

केलं. चौदाच आल्या. त्या दिवशी कार्यालयात भरवशाची अशी तेवढीच एक गोष्ट होती.

मग मी कागद-पेन्सिल घेतली. चौदाही चौकटींतली नावं उतरवली आणि साच्यांच्या फोल्डरमधल्या नावांशी एकेक ताडून खुणा करत गेलो. चौदा फाइली दोन-दोनदा होत्या. एक नवी आणि तिच्याखाली तीच, नावापुढे 'जुनी' असं जोडलेली. यंत्र नाव बघत नाही, फोल्डरमध्ये असेल ते सगळं वाचतं. एकाच गटाच्या दोन सातबाऱ्यांवर दोन वेगळे मालक निघावेत, तसं झालं होतं.

"नाना, ह्या कोणी ठेवल्या?"

"मी. कंत्राटदाराचा माणूस जुनं पुसायला निघाला होता. म्हटलं, बाबा, असू दे शेजारी."

"कशासाठी पण?"

नानांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली सूचना होती: 'नवी नोंदवही सुरू करताना जुनी त्याच कपाटात, तिच्या शेजारीच ठेवावी. अपवाद नाही.' एकदा तपासणीत जुनी वही सापडेना, तेव्हा सगळ्या शाळांसाठी काढली होती. खाली सही माझी.

"अपवाद नाही म्हणजे नाही," नाना गंभीरपणे म्हणाले.

मी चौदा जुन्या फाइली उचलून वेगळ्या ठिकाणी टाकल्या. पुन्हा उघडलं, तर एकही चौकट नाही. प्रिंटरला परवानगी दिली. चार वाजून दहा मिनिटांनी दाखला बाहेर आला. मुलीने नाव आणि जन्मतारीख दोनदा तपासली. तिचं ते तपासणं मला आवडलं. आईला घेऊन ती रिक्षाकडे धावलीच.

पाचला दहा कमी असताना तिचा नानांना फोन आला. कॉलेजने दाखला घेतला होता.

मग मी नवी सूचना लिहिली: 'संगणकातील जुन्या फाइली नव्या फाइलींच्या शेजारी ठेवू नयेत.' खाली सही केली. नानांनी ती दोनदा वाचली, मान डोलावली आणि जुनीच्या शेजारी चिकटवली.