अम्मीच्या कोठीतला टॉवर

गव्हाच्या कोठीचं झाकण उघडलं की वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा कडवट वास येतो आणि मला रिसोडमधली ती दुपार आठवते. मित्राचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, मागेच त्याचं घर. कुणालाही फुकट मिळणारं, आतून उघडून पाहता येणारं एक सॉफ्टवेअर आम्ही लॅपटॉपवर उतरवलं होतं. त्याला छोटंसं रेडिओ यंत्र जोडलं की झाला मोबाइलचा टॉवर! असा खोटा टॉवर जुन्या फोनला फसवू शकतो का, ते आम्हाला तपासायचं होतं. पण सिग्नल बाहेर गेला तर अख्ख्या गल्लीचे फोन त्यात अडकायचे, म्हणून सिग्नल आतच अडवायला मित्राच्या अम्मीची गव्हाची पत्र्याची कोठी रिकामी करून घेतली. आत यंत्र ठेवलं, अम्मीचाच बटणांचा फोन ठेवला आणि झाकण लावून लॅपटॉपच्या वायरीजवळची फट चांदीच्या कागदानं बुजवली. "लागला, लागला!" लॅपटॉपकडे बघत मित्र ओरडला. फोन गुपचूप आमच्या टॉवरला येऊन चिकटला होता. आम्ही चक्क नाचलो. दारातून अम्मीनं विचारलं, "काय झालं बेटा?" "अम्मी, तुह्या फोननं आमचा टॉवर खरा मानला!" "अन् त्यानं इचारलं नाही, तू कोनाचा म्हनून?" "जुने फोन इचारतच नाहीत. मंग खोट्या टॉवरवाल्याले त्याच्यावरचं बोलनं आयकू येऊ शकते." अम्मीनं फोन बाहेर काढला, पदरानं पुसला. "गल्लीत नवं पोट्टं दिसलं तरी मी इचारतो, कोनाचा रे तू. अन् ह्याच्यावर मी पोरीसंग मनातलं बोलून राह्यली!" आमचं नाचणं तिथंच थांबलं. आजही फोनवर सिग्नलच्या काड्या भरल्या की मी आधी मनात विचारतो, कोनाचा रे तू?